मास्तर आणि मागूर

...मुलीसाठी स्थळ सुचवा, गुडघ्यासाठी वैद्य सुचवा, फार तर प्लंबर सुचवा, पण तुम्हाला सांगतो, कुणाला कवितेचं पुस्तक म्हणून सुचवू नका! हात जोडतो. जावा बेटावरच्या माणसांना तर नाहीच नाही. मी पलीकडच्या बेटावरचा, तोबा तळ्याकाठचा, बाताक जमातीचा. आमच्याकडे पुस्तक आवडलं नाही तर माणूस तोंडावर म्हणतो, "हे काय आणलंस रे, शेळीसुद्धा खायची नाही." संपलं! पण लग्न केलं जावातल्या जोग्जा शहरच्या एन्दाहशी आणि येऊन पडलो या गोड माणसांत. इथे कुणी कुणाला 'नाही' म्हणतच नाही हो. घराला आग लागली तरी म्हणतील, जरा उबदार वाटतंय, नाही का?

आमची पुस्तकांची भिशी आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर जमायचं, सोयाबीनचं तळलेलं तेंपे खायचं, पाकासारखा गोड चहा प्यायचा आणि ग्लासात चिठ्ठ्या घालून हलवायच्या. ज्याची चिठ्ठी पडेल त्याने आपल्या आवडीचं कवितेचं पुस्तक सगळ्यांना द्यायचं आणि पुढच्या खेपेला सगळ्यांनी त्यावर बोलायचं. बोलायचं काय, डोंबल! "सुंदर." "फारच सुंदर." "आणि तेंपेही सुंदर." झाली चर्चा!

तर माझी चिठ्ठी पडली. मी निवडलं आमच्या मास्तरांचं पुस्तक. गावच्या शाळेतले मास्तर, आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, तळ्यावर, आईवर, बुडालेल्या होडीवर... कुणी वाचलं नाही. मास्तर गेले, पुस्तक गेलं, एकुलती एक प्रत उरली ती माझ्याकडे. मला तोंडपाठ आहे ते. खोटं कशाला बोलू, फार जीव आहे माझा त्याच्यावर. म्हटलं, मास्तरांना मेल्यावर एक तरी वाचक मिळू दे... एक! जास्त मागत होतो का मी?

दिली ती प्रत विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे, सगळ्यांसाठी प्रती बांधून आणल्या, वाटल्या. उघडून बघितलं का? कशाला बघू? तोंडपाठ आहे ना!

पुढच्या खेपेला जमलो आणि काय सांगू, माणसं चक्क बोलायला लागली हो! कुंचोरोसाहेब, बँकेतून निवृत्त, 'सुंदर'च्या पुढे ज्यांनी जन्मात शब्द काढला नाही, ते म्हणाले, "कवी चिखलाच्या तळाशी जातो. कमी हवेत जगणं काय असतं, ते मला आज कळलं." माझी छाती ही एवढी! मग शेजारच्या रेत्नोबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. म्हणाल्या, "मोठी लहानांना खातात, म्हणून त्यांना वेगळं ठेवा... मला माझं सासर आठवलं हो."

मोठी? लहानांना? मास्तरांनी कधी लिहिलं हे?

उघडलं पुस्तक. सुरुवातीला मास्तर. तळं, आई, होडी. आणि तिथून पुढे शेवटपर्यंत... मागूर! मागूर मासा हो, मिशाळ, चिखलातला! झेरॉक्सवाल्याने मत्स्यपालनाचा कुणाचा तरी प्रबंध मास्तरांच्या पोटात शिवला होता. तोडक्या तोडक्या ओळींत सूचना... पाणी बदला. घाई करू नका. मेलेली आधी उचला.

मी उठलोच होतो सांगायला, बाताक आहे मी! तर एन्दाहने मांडीला असा चिमटा काढला की खालीच बसलो. कुजबुजली, "अहो, गप्प बसा. चारचौघांत यांची लाज काढलीत तर उद्यापासून आपल्याकडे बघून नुसती हसतील." आणि ते हसणं तुम्ही पाहिलेलं नाही... त्यापेक्षा बाताकची शिवी परवडली!

म्हणून फक्त विचारलं, साळसूदपणे, की तो पहिला भाग कसा वाटला? आई, होडी वगैरे?

रेत्नोबाई तेंपेकडे बघायला लागल्या. कुंचोरोसाहेबांनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुंदर आहे," म्हणाले. "पण सुरुवातीला कुणाचाच हात बसलेला नसतो. पुढे सुधारले."

सुधारले! मास्तर! मागूर झाल्यावर! तुम्हाला सांगतो, त्या मेलेल्या माणसाला मी तिथे दुसऱ्यांदा पुरलं आणि वर चहा प्यालो. म्हणून म्हणतो, प्लंबर सुचवा, पण कवितेचं पुस्तक सुचवू नका...

आणि आता सगळ्यांना मास्तरांचं पुढचं पुस्तक हवंय. एकमताने! चिठ्ठीसुद्धा टाकली नाही. सांगितलं, मास्तर वारले हो. तर रेत्नोबाई हुंदका देऊन विचारतात, "मग पिल्लांचं काय झालं?"

काय करणार? गेलो झेरॉक्सवाल्याकडे, हुडकून काढला तो प्रबंध, उरलेली प्रकरणं बांधून घेतली, वर मास्तरांचं नाव घातलं. निदान नाव तरी वाचतील! वाटण्याआधी नजर टाकावी म्हणून घरी उघडला, आणि रोगराईच्या प्रकरणापाशी घळाघळा रडलो. काय करू... मास्तरांना हे जमलं नसतं हो.