नाल घरमालकाचा
सावली गावातल्या आमच्या घरी रविवारी दुपारी तीन पत्ती बसते. डाव जिंकणाऱ्यानं दहा रुपये डब्यात टाकाचे, याले नाल म्हणतात. त्यातूनच चहा-भजे. घर माहं, म्हणून मले नाल माफ.
मांगच्या रविवारी भजे संपले तरी डब्यात दीडशे उरले. दोस्त म्हणाले, "वाटून टाक."
मी छाती ठोकून सांगितलं, "काऊन? कुठीबी जाऊन विचारा, नाल घरमालकाचा!"
तेवढ्यात बायको हातात झारा घेऊन बाहेर आली. "अजी, घरपट्टी कोणाच्या नावानं येते?"
बाईच्या नावानं रजिस्ट्री स्वस्त पडते म्हणून घर मीच तिच्या नावावर केलं होतं.
तिनं डबा उचलला अन् म्हणाली, "मंग आज तुम्ही तीन डाव जिंकले. काढा तीस रुपये."