उषाताईंच्या गोधडीतलं लाल कापड

मंडळी, नमस्कार.

नमस्कार म्हणायची ही वेळ नाही, पण सुरुवात कशी करतात ते मला ठाऊक नाही. मी वंदना पारखी. मानक नगरला कॉलनीच्या मागच्या गल्लीत, उषाताई नातूंच्या खालच्या मजल्यावर राहते. मंडळाच्या गणपतीत तुम्ही मला पाहिलं असेल, पडद्यामागे प्रसादाचे द्रोण भरताना. पडद्याच्या पुढे मी कधी आले नाही. आत्ता अध्यक्षांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी मान हलवून नको म्हणणार होते. कशी उठले कोण जाणे. तुम्ही जरा सांभाळून घ्या.

काल तेरावा झाला. आज इथे सगळे उषाताईंबद्दल किती छान बोलले. त्या गेल्यावर नातूसाहेबांच्या मागे एकट्या कशा राहिल्या, लखनौ सोडून सांगलीला गेल्या नाहीत, अमीनाबादच्या दुकानदारांना सांगलीच्या हिंदीत कशा गप्प बसवायच्या. सगळं खरं आहे. मीही तसंच काहीतरी लिहून आणलं होतं. हा कागद. पण तो मी वाचणार नाही. मला एक कबुली द्यायची आहे, आणि मंडळी, मला तिची फार भीती वाटतेय.

चूक झाली. मी म्हणाले, त्या गेल्यावर नातूसाहेबांच्या मागे. उलट म्हणायचं होतं. नातूसाहेब गेल्यावर त्या एकट्या राहिल्या. बघा, हे असं होतंय माझं.

तर ही गोधडी. फोटोपाशी घडी करून ठेवलीय ती. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी येता-जाता हात लावून पाहिली. मांडीवर घेण्यापुरतीच आहे, कमरेपासून पावलांपर्यंत. पांढरं पॉपलीन, आणि त्यावर बाटिकच्या कापडाची फुलं कापून लावलेली. पिवळी शेवंती, निळी गोकर्ण, हिरवी पानं, आणि मधोमध तीन लाल जास्वंदी. इथल्या जानेवारीत धुकं उतरलं की उषाताईंचे गुडघे धरायचे. ही घेऊन त्या गॅलरीत बसायच्या, उन्हाची वाट बघत.

हिच्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. आज सकाळी त्यांची लेक ऋचा मला म्हणाली, "मौसी, दाग़ लग गया है. कल सुबह मशीन में डाल दूँगी, गरम पानी में निकल जाएगा. फिर साथ ले जाऊँगी, मम्मी की निशानी है."

ऋचा, बाळा, तू हे म्हणालीस. मी "हाँ हाँ, ठीक है" म्हणाले आणि खाली येऊन पलंगावर बसले. तुला तिथेच सांगायला हवं होतं. दोनदा जिना चढून आले. एकदा बेलवर बोटसुद्धा ठेवलं. परत फिरले. आमचे हे म्हणाले, "अगं, दोन वाक्यांचं काम आहे, सांगून टाक." दोन वाक्यंच आहेत हो, पण ती माझ्या तोंडून बाहेर पडायला हवीत ना! म्हणून इथे बोलतेय. इथे इतकी माणसं बसली आहेत, मधूनच पळून जाता येणार नाही.

सुरुवातीपासून सांगते.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर उषाताई मला म्हणाल्या, "वंदे, चल, कापड आणू. तुला फुलं लावायला शिकवते." मी म्हटलं, ताई, मला नाही जमायचं. त्या म्हणाल्या, "तुला काय जमतं ते तुला विचारलंय का मी?" आम्ही रिक्षानं अमीनाबादला गेलो. दुकानदार एकेक थान उलगडत होता, "बहनजी, ये देखिए, असली बाटिक." उषाताईंनी सहा रंग काढले. लाल मात्र त्यांनी दोनदा परत ठेवलं आणि तिसऱ्यांदा घेतलं. गडद, शेंदराच्याही पलीकडचं लाल. वाटेत पिशवीतून ते बाहेर काढून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या सांगलीच्या दारातली जास्वंद अशीच होती गं."

मग त्यांनी मला काम दिलं. त्यांचे गुडघे दुखत होते, खाली बसून बादलीत हात घालणं होत नव्हतं. म्हणाल्या, "हे सगळं धुऊन आण. बाटिक न धुता शिवलं की नंतर रंग सोडतं आणि पांढऱ्याचा सत्यानाश होतो. गार पाणी, मूठभर मीठ, अर्धा तास. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. कंटाळा करायचा नाही." मी हो म्हटलं.

घरी येऊन मी हिरव्यापासून सुरुवात केली. काय सांगू! बादली हिरवीगार झाली. पाणी बदललं, पुन्हा हिरवं. मला वाटलं, सगळा रंग चाललाय, आता ताईंना काय तोंड दाखवू? तरी पाच रंग मी धुतले, देवाशपथ धुतले. मग ते लाल हातात घेतलं. आणि मला त्यांचा तो रिक्षातला चेहरा आठवला. हे फिकं झालं तर?

मी ते पाण्यात घातलंच नाही. वरून जरा पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली, पाचांबरोबर घडी करून वर नेऊन दिलं.

त्यांनी विचारलं, "सगळी धुतलीस?"

मी म्हटलं, "हो ताई, सगळी."

एवढंच आहे, मंडळी. एवढंच खोटं बोलले. तुम्हाला वाटेल, हे काय सांगण्यासारखं आहे? कापडच तर आहे. पण मग त्या कापडाच्या जास्वंदी झाल्या ना.

दीड महिना आम्ही रोज दुपारी बसायचो. कागदावर फूल काढायचं, कापडावर ठेवून खडूनं आखायचं, पाव इंच जास्त सोडून कापायचं. कापायची वेळ आली की माझा हात थांबायचा. उषाताई म्हणायच्या, "काप गं. कापड चावत नाही. मी चावेन उशीर केलास तर." मग ते फूल पांढऱ्यावर ठेवायचं आणि सुईच्या टोकानं कड आत ढकलत, बारीक बारीक टाके घालत जायचं. टाका दिसता कामा नये. माझा दिसायचा. त्या उसवायच्या आणि पुन्हा माझ्याच हातात द्यायच्या. स्वतः कधी दुरुस्त केलं नाही. चिडचिड करायच्या, पण सुई माझ्याच हातात द्यायच्या.

जास्वंदी मात्र त्यांनी स्वतः लावल्या. पहिली पाकळी लावताना म्हणाल्या, "हे लाल जरा ताठच आहे गं. सुई अडते. रंगवताना लावलेलं मेण राहिलंय की काय?" आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघत बसले. त्यांनी पुढचा टाका घातला.

तेव्हा सांगितलं असतं तर? एकच पाकळी झाली होती. उसवता आली असती. मी मनात रोज म्हणायचे, आज सांगू. दुसरी जास्वंद झाली, तिसरी झाली, मागे अस्तर लागलं, मध्ये कापूस पसरला, धावदोरा झाला. गोधडी पुरी झाली त्या दिवशी त्यांनी कॉलनीत जिलब्या वाटल्या. मी एकटी मनात हिशोब लावत होते, ही धुवायला किती दिवसांनी निघेल. पाऊस आला की मला वाटायचं, त्या गॅलरीत तर बसल्या नसतील ना? एकदा वाळत घातलेल्या कपड्यांत पांढरं काही दिसलं तर मी धावत गच्चीवर गेले. चादर होती. वर्षभर मी अशी जगले. हसू नका. बरं, हसा.

आणि मग हॉस्पिटल. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. ऋचा यायची होती, तिचं विमान संध्याकाळी होतं. दुपारी भेटायच्या वेळेत मी थर्मास घेऊन गेले. उषाताई पलंगावर टेकून बसल्या होत्या, मांडीवर ही गोधडी. मी काही विचारायच्या आधी त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "वंदे, मला भीती वाटतेय गं."

तुम्ही त्यांना ओळखता. पाइपलाइन फुटली तेव्हा ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटणारी बाई. माकड स्वयंपाकघरात शिरलं तर लाटणं घेऊन त्याच्याशी भांडणारी बाई. त्या मला म्हणत होत्या, भीती वाटतेय. मग म्हणाल्या, "मला याची सवय नाही. तुला आहे. सांग ना, तू काय करतेस?"

मला कुणी कधी काही शिकवायला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही हो ताई. पोटात गोळा येतो. हात गार पडतात. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर तेही पुरं आठवत नाही. मग तसंच बसून राहायचं. जरा वेळानं चहा प्यावासा वाटतो."

त्या हसल्या. पोट धरून हसल्या, शेजारच्या पेशंटनं वळून बघितलं. म्हणाल्या, "दे मग. चहा दे."

मी थर्मासचं झाकण उघडलं. आणि तो चहा सांडला.

होय. तो डाग माझा आहे. त्यांच्या हातून नाही सांडला, ऋचा, माझ्या हातून सांडला. कोपऱ्यावर सांडला, आणि थोडा जास्वंदीवर. मी पटकन रुमाल काढून टिपलं. पांढरा रुमाल. हा बघा. धुतला नाहीये मी हा. चहाचा रंग इकडे आहे. आणि हे इथलं गुलाबी, हे चहाचं नाही.

उषाताईंनी रुमाल माझ्या हातातून घेतला. चष्मा लावला. बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता संपलं. मला वाटलं, उद्या ऑपरेशन असलेल्या बाईला मी हे काय दाखवलं! त्यांनी रुमालाची नीट चौघडी केली, माझ्या मुठीत ठेवली आणि म्हणाल्या, "ती लाल फुलं धुवायची वेळ आली की तू धू. ऋचाला देऊ नकोस. ती मशीनमध्ये टाकेल."

त्या "गोधडी" म्हणाल्या नाहीत, मंडळी. "लाल फुलं" म्हणाल्या. म्हणजे त्यांना कधीपासून माहीत होतं? त्या दुपारपासून? की पहिली पाकळी लावली तेव्हापासून? मी विचारलं नाही. धीर झाला नाही. मी फक्त "हो ताई" म्हटलं. मागच्या वेळेसारखंच. आणि मग त्या अर्धा कप चहा प्यायल्या, आणि भेटायची वेळ संपली.

ऑपरेशननंतर त्या बोलल्या नाहीत. पाच दिवसांनी गेल्या.

ऋचा, आता तुला विचारते, सगळ्यांसमोर. रागावलीस तरी चालेल. ही मशीनमध्ये घालू नकोस. गरम पाणी तर अजिबात नको. ही तुझी आहे, तूच ने. पण उद्याची सकाळ मला दे. तुझं विमान परवा दुपारचं आहे ना? मी गार पाण्यात, मीठ घालून, माझ्या हातानं धुईन. रंग जाईल का? मला माहीत नाही. पांढरं गुलाबी होईल का? होईल बहुतेक. नाही धुतली तर डाग राहील आणि फुलं जशीच्या तशी राहतील, तेही आहे. ती तशीच राहू दे असं तू म्हणालीस, तर मी सुटेन, आणि खरं सांगू, माझ्या मनात एक वेडी आशा आहे की तू तसंच म्हणशील.

...

काय? काय म्हणालीस, बेटा? जरा मोठ्यानं.

"मैं भी बैठूँगी आपके साथ." म्हणतेय, मीही बसेन.

बरं. बरं, बस. बादली तुमच्याच बाथरूममधली घेऊ, मोठी निळी. मीठ मी घेऊन येईन.

अध्यक्ष, मी फार वेळ घेतला. आता दोन मिनिटं उभं राहायचं आहे ना? उभे राहू या सगळे. ही गोधडी मी फोटोपासून उचलून घेते, हातात धरूनच उभी राहते. माझ्याकडे बघू नका. उषाताईंकडे बघा.

उषाताई, उद्या सकाळी नऊ वाजता. गार पाणी, मूठभर मीठ, अर्धा तास. पोटात आत्तापासूनच गोळा आलाय. पण यावेळी खरंच धुते.