वाकलेलं टोक

— देत न्हाय असं म्हणाले का मी, रघू? सुरी तुझ्या घरची, नेशील. पण धार तर लागू दे! आणि ओरडू नको. लाइट गेलीय, कापडाचे लूम बंद हायत, अख्ख्या निजामपुऱ्याला ऐकू जातंय तुझं. दारातून जरा बाजूला हो, उजेड पडू दे दगडावर. — घाबरते? तुला कोण घाबरतंय! राहीबाई म्हणतात मला. आमचे हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, भट्टी विझवा, मीच पेटवली. कोणी शिकवलं? कोणी न्हाय. बोटं भाजून शिकले.

ही सुरीपण मीच घडवली, पडघ्याहून आणलेल्या ट्रकच्या कमानीची पट्टी ठोकून. तुझी कमळ नवी नवरी होऊन गल्लीत आली तेव्हा दिली तिला. दुकानातल्या चकचकीत सुरीसारखं हिचं न्हाय — चिंच लागली की काळी पडते, ओली राहिली की गंजते. कमळ जिताडा मासा कापला की लगेच पुसते, वर खोबरेलाचं बोट फिरवते. बघ, पातं कसं राखलंय पोरीनं! फक्त हे टोक वाकलंय. काल धारेला टाकून गेली तेव्हा म्हणाली, पडली. पडून असं वाकतं का? लाकडात खुपसून हिसडली की वाकतं. दारात. आतून कडी लावलेल्या दारात. — मी कुठं काय म्हणाले? लोखंडाचं सांगतेय.

थांब, आतल्या खोलीत कशाला? तिथं कोळसे हायत, बाकी काय न्हाय. कमळ असेल तिच्या आईकडं, अकलोलीला. मला काय माहीत! बस, चहा टाकते. — हा कप? माझाच. तो दुसरा... तोपण माझाच. अर्धाच प्यायली, कालपासून घशाखाली घासच उतरत न्हाय तिच्या — हौसाच्या! शेजारची हौसा आली होती. असा बघू नको माझ्याकडं.

आली लाइट. झाले लूम चालू... देवा. आता मी बोंब मारली तरी भिंतीपलीकडं जायची न्हाय, आणि ते तुला कळलंय. हसतोयस. — घे, झाली तुझी सुरी. हातात देणार न्हाय, हातातून हातात सुरी दिली की वैर होतं. खाली ठेवते, वाक आणि उचल. फिरव बोट धारेवर. फिरव रे, कापणार न्हाय. इतका वेळ धार लावत होते असं वाटलं तुला? पातं उभं धरून घासत होते, बोथट करत. मेली ती. माझ्या हातानं जन्माला घातली, माझ्याच हातानं मारली.

हो, घाबरलेय मी. पण या आतल्या उंबऱ्यावरून हलणार न्हाय. जायचंच तर मला ढकल आणि जा: आत बल्ब न्हाय, अंधार हाय, कमळ हाय, आणि मी घडवलेल्या बाकीच्या सगळ्या सुऱ्या तिच्यापाशी हायत — त्यांना मात्र आज सकाळीच खरी धार लावलीय मी.