हवेत थांबलेला उंट

मंडळी, आरतीआधी एक सांगा. पाठ असणं म्हणजे कळणं का? मुलांनो, पुढे सरका, हे तुमच्यासाठीच आहे. मागचे मामा डुलक्या घेत ऐकतील, चालेल!

सांगलीची ईश्वरी, इयत्ता सहावी. आवटी सरांनी तिला बुद्धिबळाच्या डावाची एक सुरुवात शिकवली. हिनं ती आरतीसारखी ठेक्यात पाठ केली – प्यादं, घोडा, उंट! वेणी घालतानाही तेच. आज स्पर्धेचा शेवटचा डाव. निदान बरोबरी झाली तर जिल्ह्याच्या संघात जागा. हरली तर आशा संपली.

स्पर्धा सगळ्या वयांना खुली, म्हणून समोर शिरगुप्पे आजोबा. ईश्वरीनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. आजोबांनीही तसंच करायचं, असं पाठात होतं. त्यांनी काय केलं? पार कडेचं प्यादं एक घर ढकललं!

ईश्वरी गोंधळली. आजोबा चुकले का? चष्मा बदललाय का? पण आरती कुठे थांबते! तिनं घोडा काढला. आजोबांनी कडेच्या शेजारचं प्यादं दोन घरं पुढे आणलं. हिनं उंट उचलला – आणि हात हवेतच राहिला. उंटाच्या ठरलेल्या घरावर तेच प्यादं टपलेलं!

परत ठेवावा? छे! स्पर्धेचा नियमच तो – ज्याला हात लावला, तोच मोहरा हलवायचा.

तिनं ठेका मनात पहिल्यापासून म्हटला. पुन्हा उंटापाशीच अडकला. घड्याळ चाललेलं. शेवटी काय करणार बिचारी? तिनं पट पाहिला. अहो, पहिल्यांदाच पाहिला! उंटाला दुसरीही घरं होती. राजाच्या अगदी पुढ्यात, जागेपासून एकच पाऊल – तिथं तो टेकवला.

पुढची प्रत्येक चाल चाचपडत. बरोबर की चूक, शेवटपर्यंत कळेना. ऊन कललं, तेव्हा पटावर दोन एकटे राजे उरले. बरोबरी!

सरांनी विचारलं, “अगं, शिकवलेलं विसरलीस?”

“नाही सर, सगळं आठवत होतं. पण आजोबा त्यात नव्हते.”

मंडळी, आता आरती म्हणू. पण आज दुसऱ्या कडव्यापासून! का हो, चुळबुळ का? मनात पहिल्यापासून म्हणून बघताय ना? तोच तो हवेतला उंट! घरी गेल्यावर सून, नातू काही वेगळं बोलतील, तुमच्या पाठात नसलेलं. उत्तराआधी एकदा त्यांच्याकडे बघा.

हं, म्हणा. दुसऱ्या कडव्यापासून. मी थांबतो.