धुक्यातल्या राजाची मेणबत्ती

“‘धुकं पडलं की राजासाठी दारात मेणबत्ती लावा.’ आईचे शेवटचे शब्द, रॉकी.”

कतारमधल्या दोहा शहरात औषधांच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बहीणभावाचं बोलणं कानावर पडलं, नि मागे उभ्या लताचा रोजचा जप अडखळला.

“बाय, दोनशे वर्षं राज्य केलं पोर्तुगालच्या त्या राजाच्या घराण्यानं. तरणा राजा आफ्रिकेत लढाईत हरवला, दोन वर्षांत सगळं खलास. आपण वसईवाले अजून वाट बघतोय!”

“प्रेत मिळालं नाही त्याचं. उजेड नसला तर घरात शिरतो, म्हणायची आई. आज इथं धुकं होतं, नि मी विसरले.”

“मग?”

“आत्ता इथल्या घरी पप्पांना फोन केला. म्हणाले, कुणी तरणा पाहुणा आलाय. बुटांत वाळू आहे, पाणी मागतोय.”

रॉकी हसला नाही.

“आईला शब्द दोघांनी दिलेला, बाय. तू औषधं घे.”

मेणबत्ती आणायला तो हळूच रांगेबाहेर पडला.