कादंबरीचं शेवटचं पान

नांदुऱ्याच्या स्टँडवर जळगाव जामोदच्या बसच्या रांगेत माझ्यापुढं लग्नाला निघालेल्या दोघी शेजारणी होत्या, मनकर्णाबाई आणि नजमुन्निसाभाभी.

“भाभी, तुमच्या अकीलचं ते अमेरिकेचं जुनं पुस्तक वाचलं मी. काय ते वादळ, काय ते बेट. लई मजा आली.”

“अकीलले बी मजाच आली होती. तेच वाचून जहाजावर नोकरीले गेला.”

“अन् तुमाले?”

“अकीलच्या अब्बाले त पुस्तकातला तो पोरगा येडाच वाटला, घर सोडून गेला म्हणून. मले उर्दूची सवय, ताई. पुस्तक मागून उघडलं अन् शेवटचं पान पयले वाचून बसली.”

“मंग त काळजीच मिटली. पोरगा घरी येते ना शेवटी.”

“येते. अन् दाराले कुलूप असते.”

“माय गेली असंन कोठं तरी.”

“कोठं गेली, ते पाहाले सारं पुस्तक वाचलं. माय दोनच ओळीत आहे.”

“अकीलचा फोन कवा आला होता?”

“एकवीस दिवस झाले.”

“समुद्रात रेंज नसते, भाभी. चला, बस लागली.”

“तुमी जा. लग्नात सांगा, तब्येत बरी नाही म्हणून. मी घरी जाऊन कुलूप काढतो.”