खडूची रेघ

माझा जन्म देवगडाकडचा, शाळा चौथीपर्यंत, मग काकाने मुंबईला आणलं, गोवंडीला त्याच्या खोलीत राहिलो, पुढे पाणीखात्यात चावीवाला म्हणून लागलो आणि बोरीवलीत आलो तो इथलाच झालो. चावीवाला म्हणजे, रस्त्यात लोखंडी झाकणं असतात ना, त्याखाली वॉल असतो, छातीएवढी लांब चावी आत घालून तो फिरवायचा, की त्या गल्लीला पाणी. वेळ झाली की बंद. तीस वर्षं तेच केलं, दुसरं काही येत नाही मला.

काय सांगू तुम्हाला, हेही लिहून घ्या, बाराव्या झाकणापाशी उभं राहिलं की आठवं बंद केलं की नाही ते सांगता येत नाही. डोकं म्हणतं केलं, फिरवताना दिसतंसुद्धा, पण ते कालचं असतं. नाहीतर परवाचं. सुरुवातीला एकदा असंच केलं म्हणून पुढे गेलो आणि एक गल्ली दुपारपर्यंत चालू राहिली, पुढच्या गल्लीत लोक हंडे घेऊन बोंबलतायत. मुकादम म्हणाला, अरे डोक्याच्या भरवशावर काम करू नको, ते रोज खोटं बोलतं, खडू ठेव. तेव्हापासून वॉल बंद केला की बाजूच्या भिंतीवर रेघ. रेघ असली तर केलं. नसली तर परत जा. बायको करवादायची, अवो, सगळ्या शर्टांच्या खिशात पीठ झालंय, धुवायचं कोणी.

बायको म्हणजे सुलभा. होळीनंतर गेली.

तिला हार्टचं होतं, रक्त पातळ करायची गोळी रोज सकाळी, चहाच्या आधी. त्या दिवशी चहा झाला, मी पेपर बघत होतो, ती ओट्यापाशी खाली बसली. बसली म्हणजे पडलीच. तोंड वाकडं, बोलता येईना. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, हॉस्पिटलात पोचलो वेळेत. डॉक्टरबाई म्हणाली, बाबा, नीट आठवून सांगा, आजची गोळी घेतली का, घेतली असेल तर मेंदूतली गुठळी विरघळायचं इंजेक्शन देता येत नाही, रक्तस्रावाची भीती असते. मी म्हटलं घेतली. म्हणाली, नक्की? म्हटलं, माझ्यासमोर घेतली. दिसतच होती हो मला, मान मागे टाकून तांब्याने वरून पाणी पिते, हनुवटीवर ओघळतं ते पदराने पुसते. इंजेक्शन दिलं नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

सगळं आटपून घरी आलो तर साखरेच्या डब्यामागे वाटीत गोळी. उठल्या उठल्या पाकिटातून काढून ठेवायची ती वाटीत. तशीच होती.

मुलीची मुलगी तनू कांदिवलीला असते, नर्सिंग शिकते, तिला वाटी दाखवली. तिने गोळी उचलून बघितली. मग म्हणाली, आजोबा, आजीने पाणी पदराने पुसलं म्हणता, पण त्या दिवशी ती गाऊनवर होती ना. मी म्हटलं, हो. गाऊनच होता. हॉस्पिटलात पिशवीत घालून दिला होता त्यांनी माझ्याकडे. तर म्हणाली, रोज सारखंच होतं ते मेंदू वेगवेगळं ठेवत नाही, एकावर एक चढवून त्याचं एकच करतो, आणि विचारलं की तेच काढून देतो, तुम्ही खोटं नाही बोललात आजोबा. मी म्हटलं, गो बाय, हे मला मुकादमाने तेव्हाच सांगितलं होतं.

इंजेक्शनने वाचलीच असती असं नाही, हेही म्हणाली ती. म्हटलं बरं. लोक म्हणतात रडा, मोकळे व्हा. रडू येत नाही, काय करू. जेवतो, झोपतो, खाली कट्ट्यावर बसतो. सुलभाचं दुसरं काही आठवायला गेलो तर धड काही येत नाही, आवाजही येत नाही. तांब्या आणि पदर मात्र स्वच्छ दिसतात. कुठल्या दिवसाचं ते देवाला ठाऊक.

आता माझी प्रेशरची गोळी चालू आहे. दाराच्या मागे खडू ठेवलाय, घेतली की रेघ. दार अर्धं भरलं, तनू म्हणते पुसू का, म्हटलं राहू दे. साठ-साठ गल्ल्यांसाठी खडू खिशात घेऊन फिरलो, घरात कधी एक रेघ मारली नाही.

लिहिलंत ना सगळं? सुखी राहा. आणि तुमच्या घरात कोण रोजची गोळी घेत असेल तर घेतलीस का म्हणून विचारत बसू नका. खडू ठेवा.